तुळस, मंजिरी आणि मधमाश्या

तुळस ही पुदिना, सब्जा आणि पानओवा यांच्या कुळातील बहुवर्षायू, सुगंधी ओषधी आहे. तिचे शास्त्रीय नाव ओसिमम टेन्युइफ्लोरम. हे नाव लिनिअसने १७५३ मध्ये दिले. पुढे १७६७ मध्ये त्यानेच ओसिमम सँक्टम या नावाने तिची पुन्हा नोंद केली, आणि औषधांच्या वेष्टनांवर आजही हे दुसरे नावच अधिक दिसते. झाड साधारण ३० ते ६० सेंटिमीटर उंच होते, चांगल्या जमिनीत मीटरभरही जाते. खोड चौकोनी व लवदार असते आणि वय वाढते तसे बुंध्याशी कठीण, लाकडी होत जाते. पाने समोरासमोर येतात, त्यांच्या कडा किंचित दातेरी असतात. पानांवर सूक्ष्म तैलग्रंथी असतात. पान चुरगाळले की त्या फुटतात आणि वास दरवळतो. लवंगेला तिचा गंध देणारे युजेनॉल हे द्रव्य या तेलातही बहुधा मोठ्या प्रमाणात असते.

घरोघरी तुळशीचे दोन प्रकार दिसतात. हिरव्या पानांची ती राम तुळस, जांभळट पानांची व खोडाची ती कृष्ण तुळस. दोन्ही एकाच जातीच्या आहेत. रानतुळस मात्र वेगळी जात. ती माणसाच्या उंचीपर्यंत वाढते आणि तिची पानेही बरीच मोठी असतात. कापूर तुळस पूर्व आफ्रिकेतून आलेली. ज्याचे बी फालुद्यात घालतात तो सब्जा हंगामी, म्हणजे बी धरून वर्षभरात संपणारा. फुलाची ठेवण या सगळ्यांची जवळजवळ सारखी असल्याने मधमाश्या या साऱ्यांवरच येतात. तरी दारात वर्षानुवर्षे टिकणारी, कुंडीत मावणारी आणि पाऊस सरल्यावर भरभरून फुलणारी म्हणून महाराष्ट्रात आणि गोव्यात तुळशीइतकी सोयीची दुसरी वनस्पती नाही.

मंजिरी म्हणजे तुळशीचा फुलोरा. फांदीच्या टोकाला उभा दांडा येतो आणि त्यावर थोड्या थोड्या अंतराने सहा-सहा फुलांची वलये लागतात. फुलण्याची सुरुवात खालच्या वलयापासून होते. त्यामुळे एकाच मंजिरीत खाली पिकत आलेले बी, मध्ये उमललेली फुले आणि शेंड्याला मिटलेल्या कळ्या असे तिन्ही टप्पे एका वेळी पाहायला मिळतात. एक मंजिरी कित्येक दिवस फुलत राहते ती यामुळेच.

फूल जेमतेम तीन-चार मिलिमीटरचे, फिकट जांभळे किंवा पांढुरके. पाकळ्या जुळून त्याला दोन ओठ झालेले असतात. वरचा ओठ चार खंडांचा, खालचा एकाच खंडाचा. चारही पुंकेसर खालच्या ओठाला लागून बाहेर डोकावतात. पावसाळ्यात माळावर फुलणारा तुंबा याच कुळातला, पण त्याचे पुंकेसर वरच्या ओठाखाली दडलेले असतात आणि पराग माशीच्या डोक्यावर किंवा पाठीवर लागतात. तुळशीत उलट घडते. माशी खालच्या ओठावर उतरते, मधासाठी तोंड आत घालते, आणि पराग तिच्या पोटाला चिकटतात. मकरंद अंडाशयाच्या बुडाशी असलेल्या चकतीत पाझरतो. नळी आखूड असल्यामुळे लहान जिभेच्या माशीलाही तो सहज मिळतो, पण एका फुलात तो अगदी थोडा असतो. म्हणून माशीला एका फेरीत पुष्कळ फुले हिंडावी लागतात, आणि परागांची देवघेव त्यातूनच होते. या कुळातील बहुतेक फुलांप्रमाणे तुळशीतही पराग आधी मोकळे होतात आणि कुक्षी नंतर तयार होते. परिणामी बरेचसे बी दुसऱ्या फुलाच्या परागांवर धरते. शेजारी लावलेल्या राम आणि कृष्ण तुळशीच्या बियांपासून अधल्यामधल्या रंगाची रोपे निघतात त्याचे कारण हेच.

भाद्रपदात पाऊस ओसरू लागला की तुळशीला मंजिऱ्यांचा बहर येतो आणि तो मार्गशीर्षापर्यंत चालतो. कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, झाड ऐन फुलावर असते. सकाळचे ऊन चढले की त्यावर वर्दळ सुरू होते. सर्वांत लहान पाहुणी म्हणजे पोयाची माशी, काळसर, तांदळाच्या दाण्याहूनही छोटी. ती डंख करत नाही. जुन्या भिंतींच्या फटींत, झाडांच्या ढोलीत तिची वसाहत असते. फुलोरी माशी झुडपाच्या फांदीला एकच छोटे पोळे बांधते. अंगणातल्या डाळिंबावर किंवा मेंदीच्या कुंपणात ते बरेचदा सापडते. सातेरी ही पेटीत पाळता येणारी देशी मधमाशी, महाबळेश्वर परिसरातला मधपाळ पिढ्यानपिढ्या जिच्यावर अवलंबून आहे ती. मोठ्या झाडांवर आणि कड्यांवर पोळी लावणारी आग्या माशीही तुळशीवर उतरते. आग्याच्या नावाची धास्ती असली, तरी पोळ्यापासून दूर, फुलावर चरणारी माशी आपणहून कोणाला डसत नाही. हात लावला, चिरडली गेली, तरच डंख बसतो.

या चौघींपेक्षा वेगळी आणि तुळशीवर खास प्रेम असलेली एक माशी आहे. तिच्या काळ्या पोटावर चकचकीत निळे पट्टे असतात. कीटकशास्त्रात ती अमेगिला या प्रजातीतली. ती पोळे करत नाही, मध साठवत नाही. मादी एकटीच भुसभुशीत मातीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ कोरते आणि आतल्या कप्प्यांत पराग-मधाचा गोळा ठेवून त्यावर अंडी घालते. फुलासमोर क्षणभर अधांतरी थांबायचे, झटकन आत शिरायचे, लगेच पुढच्या फुलाकडे वळायचे, अशी तिची चाल. तिचा गुणगुणाटही मधमाशीपेक्षा वरच्या पट्टीतला. संध्याकाळी या माशीचे नर वाळक्या काडीला जबड्यांनी धरून ओळीने झोपतात, आणि ती काडी कधी कधी तुळशीचीच असते.

परसबाग किंवा गच्चीवरची बाग असलेल्यांनी या निळ्या पट्ट्यांच्या माशीला जपावे, कारण टोमॅटो आणि वांग्याच्या फुलांचे परागकोश उघडे नसतात. त्यांच्या टोकाला फक्त बारीक छिद्र असते. पराग बाहेर पडायचे तर फूल थरथरावे लागते. अमेगिला फुलाला घट्ट धरून पंखांचे स्नायू जोरात कंपवते आणि त्या कंपाने पराग सांडतात. हे कसब मधमाशीला येत नाही. वाऱ्याने फूल हलूनही टोमॅटोला फळ धरते, पण माशी आली तर ते अधिक चांगले धरते. काकडी, भोपळा, कारले यांची नर-मादी फुले वेगवेगळी असल्याने त्यांना तर माशीवाचून गत्यंतर नाही. वेलाला नुसतीच फुले येतात आणि कोवळे फळ पिवळे पडून गळते, ही तक्रार शहरी गच्च्यांवर फार ऐकू येते. खताची मात्रा वाढवून ती मिटत नाही. वेलाजवळ तीन-चार फुललेल्या तुळशी ठेवल्या तर माश्यांचा राबता सुरू होतो आणि त्या वेलाकडेही वळतात.

मधाखेरीज तुळशीचे आणखी एक आकर्षण आहे, तेही नीट समजून घ्यायला हवे. काही तुळशींच्या तेलात मिथाइल युजेनॉल असते. आंबा-पेरूवरच्या फळमाशीचे नर या गंधाकडे ओढले जातात. कोकणातल्या आंबाबागांत टांगलेल्या रक्षक सापळ्यांत आमिष म्हणून हेच द्रव्य वापरतात. तुळस लावल्याने फळमाशी वाढते, असा समज त्यामुळे होऊ शकतो. मात्र या गंधाला भुलतात ते फक्त नर, आणि फळात अंडी घालणारी मादी त्यासाठी येत नाही. तुळशीचा ठेचलेला पाला सापळ्यात घालून नर पकडण्याचा घरगुती उपाय काही बागायतदार करतात तो याच जोरावर.

आता मंजिरी खुडण्याचा प्रश्न. तुळशीला मंजिऱ्यांचा भार होऊ देऊ नये, त्या वेळच्या वेळी काढाव्यात, असे घरातल्या जाणत्या बायका सांगत आल्या आहेत, आणि त्यांचे निरीक्षण बरोबर आहे. बी धरणे हे झाडाच्या दृष्टीने शेवटचे काम. सगळ्या मंजिऱ्या पिकू दिल्या तर नवी पाने लहान येतात, फांद्या लाकडी होतात, बुंधा उघडा पडतो आणि दोन-तीन वर्षांत झाड वाळते. कळी दिसताच शेंडा खुडला तर खालच्या पेरातून दोन नवे फुटवे येतात आणि झाड डेरेदार होते. पण हा नियम कडकपणे पाळला तर तुळस कधी फुलतच नाही, आणि मग ती माश्यांच्या काहीच कामाची राहत नाही. हिरवीगार, पण एकही माशी न येणारी तुळस हे शहरातल्या खिडक्यांतले नेहमीचे दृश्य आहे, आणि ते बदलण्यासारखे आहे.

दोन्ही साधण्याची रीत सोपी आहे. खुडायची ती मंजिरी कळीतली नव्हे, फुलून झालेली. खालची दोन-तृतीयांश वलये तपकिरी झाली आणि शेंड्याला चारदोन फुलेच उरली की दांडा त्याच्या खालच्या पानांच्या जोडीसकट कापावा. तोवर माश्यांनी बहुतेक फुलांतला मध घेतलेला असतो, आणि वरच्या बियांना पिकायची संधी न मिळाल्याने झाडाची शक्ती वाचते. एकाहून अधिक झाडे असतील तर त्यांची पाळी लावावी. एक-दोन झाडे पानांसाठी राखून त्यांचे शेंडे खुडत राहायचे, बाकीची फुलू द्यायची, आणि महिना-दीड महिन्याने अदलाबदल करायची. असे केल्यास आषाढापासून पौषापर्यंत कुठली ना कुठली तुळस फुलावर असते. मंजिरी पूजेलाही लागते, त्यामुळे छाटलेले काही वाया जात नाही.

लागवडीला योग्य काळ ज्येष्ठाचा, पावसाच्या तोंडावरचा. बी अतिशय बारीक असते, तेव्हा ते खोल गाडू नये. बारीक माती आणि वाळू सम प्रमाणात मिसळून पसरट भांडे भरावे, बी कोरड्या वाळूत कालवून वर भुरभुरावे आणि नुसते दाबावे. पाणी झारीने किंवा फवाऱ्याने द्यावे. धार सोडली की सारे बी एका कोपऱ्यात जमा होते. आठ ते बारा दिवसांत अंकुर दिसतात. रोपांना चार-पाच पाने आली, साधारण सहा आठवडे झाले, की ती संध्याकाळच्या वेळी कुंडीत हलवावीत. बियांची रोपे रंगाने बदलतात, म्हणून कृष्ण तुळस कृष्णच राहावी असे वाटत असेल तर छाटकलम करावे. न फुललेल्या फांदीचा दहा-पंधरा सेंटिमीटरचा तुकडा घ्यावा, वरची दोन-तीन पाने ठेवून खालची काढावीत आणि ओलसर वाळूत सावलीला रोवावा. चार ते सहा आठवड्यांत मुळे धरतात.

कुंडी दहा-बारा इंच व्यासाची, तळाला भोक असलेली हवी. पोयटा माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि वाळू एक भाग, हे मिश्रण पुरते. देशावरच्या काळ्या मातीत वाळूचे प्रमाण वाढवावे, कारण ती माती पाणी धरून ठेवते आणि तुळशीच्या मुळांना तेच सोसत नाही. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या जमिनीतून पाणी लवकर निचरते, पण पाऊसच एवढा कोसळतो की सखल जागी रोप कुजते. तिथल्या अंगणातले वृंदावन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे: जमिनीपासून उंच, चारी बाजूंनी उन्हाला मोकळे, आणि आतली माती भोवतालच्या पाण्यापासून अलग. वृंदावनाच्या तळाशी निचऱ्याची वाट बुजलेली नाही ना, हे मात्र पावसाआधी पाहून घ्यावे. ऊन दिवसातून निदान चार-पाच तास मिळायला हवे. सावलीत तुळस जगते, पण लांबुळकी होते आणि फुले फार थोडी येतात.

घरातल्या तुळशी मरतात त्या बहुधा पाण्याने. रोज सकाळी घरातल्या प्रत्येकाने तांब्या ओतायचा, पावसाळ्यातही ओतायचा, याने मुळे कुजतात. पाने पिवळी पडतात, माणसाला वाटते पाणी कमी पडले, आणि तो आणखी घालतो. बोटाचे एक पेर मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पळीभर पाणी वाहून पूजा करावी, कोरडे लागले तरच भरपूर द्यावे. हळद-कुंकू, अक्षता, दूध हे बुंध्याशी साचू देऊ नये. त्याने बुरशी येते आणि मुंग्या लागतात, आणि मुंग्या मागोमाग पिठ्या ढेकूण घेऊन येतात. ते वृंदावनाच्या भिंतीवर किंवा कुंडीच्या कडेला वाहिल्याने पूजेत काही उणे राहत नाही. पणतीही पानांपासून हातभर लांब असावी.

थंडी हा दुसरा शत्रू. नाशिक, खानदेश, विदर्भ या भागांत पौषात पारा दहा अंशांच्या खाली जातो, तेव्हा तुळस पाने टाकते. ती मेली असे समजून उपटून टाकण्याची घाई करू नये. खोड नखाने हलके खरवडावे. आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे. या काळात पाणी कमी करावे, रात्री कुंडी भिंतीलगत आणावी किंवा जुन्या सुती कापडाने झाकावी. फाल्गुनात तिला एक-तृतीयांश छाटून, वरची माती उकरून मूठ-दोन मुठी शेणखत द्यावे. ऊन तापू लागताच बुंध्यापासून फुटवे येतात. वैशाखात दुपारचे ऊन अडवणारी आडोशाची जागा मिळाली तर उत्तम.

किडींपैकी त्रास देतो तो मुख्यतः पानांच्या खालच्या बाजूने रस शोषणारा बारीक, जाळीदार पंखांचा ढेकूण. पानांवर पांढुरके ठिपके, मागे काळे डाग, आणि कडा आत वळलेल्या, अशी त्याची खूण. मावा आणि पिठ्या ढेकूणही येतात. सुरुवातीला पाण्याची जोराची फवारणी पानांच्या उलट बाजूने करावी, लागलेले शेंडे कापून टाकावेत. वाढले तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. तोही संध्याकाळी, माश्या परतल्यावर, आणि उमललेल्या मंजिऱ्या आधी काढून घेऊन. रासायनिक कीटकनाशक तुळशीवर कधीच मारू नये. तिचे पान माणूस खातो आणि तिचा मध माशी पिलांपर्यंत नेते. माव्यावर सगळेच औषध फवाऱ्यातून येते असेही नाही. मंजिरीवर मध प्यायला येणाऱ्या, माशीसारख्या दिसणाऱ्या पण अधांतरी तरंगणाऱ्या सिर्फिड माश्यांपैकी पुष्कळ जातींच्या अळ्या मावाच खातात.

माश्या येऊन टिकाव्यात यासाठी फुलांखेरीज दोनच गोष्टी लागतात. एक, उथळ थाळीत खडे घालून ठेवलेले पाणी, म्हणजे माशीला खड्यावर बसून पिता येते आणि ती बुडत नाही. दुसरी, फरशी न घातलेला मातीचा एखादा कोरडा तुकडा, बीळ करणाऱ्या माश्यांसाठी. अंगण पूर्ण काँक्रीटचे करण्याआधी एवढा कोपरा राखला तरी पुरे.

तुळशीची शेतीही होते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, सिम-आयु आणि सिम-अंगना हे वाण दिले आहेत. यातला पहिला युजेनॉलने समृद्ध असलेल्या तेलासाठी ओळखला जातो. एका हेक्टरच्या लागवडीसाठी रोपवाटिकेत साधारण तीनशे ग्रॅम बी लागते, रोपे ४० बाय ४० सेंटिमीटरवर लावतात आणि पहिली कापणी लावणीनंतर सुमारे नव्वद दिवसांनी, पीक पूर्ण फुलावर असताना करतात. नेमका हाच माश्यांच्या चरण्याचा भर असतो, आणि एका दिवसात सारे शेत कापले की त्यांचा चारा अचानक तुटतो. बांधाकडच्या दोन-तीन ओळी मागे ठेवून त्या पंधरवड्याने कापल्या, तर उत्पन्नात फारसा फरक न पडता शेजारच्या भाजीपाल्यालाही माश्या मिळत राहतात. सातेरीच्या पेट्या ठेवायच्या झाल्यास त्या सकाळचे कोवळे ऊन येईल अशा सावलीत, जमिनीपासून उंच आणि मुंग्यांपासून सुरक्षित ठेवाव्यात. मधमाशीपालनाचे प्रशिक्षण पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत मिळते. ही संस्था १९६२ पासून आहे.

कितीही जपली तरी कुंडीतली तुळस तीन-चार वर्षांत थकते, तेव्हा दरवर्षी एखादे नवे रोप तयार ठेवणे शहाणपणाचे. बियांसाठी झाडावरची सर्वांत सशक्त मंजिरी पूर्ण वाळू द्यावी, दांडा सकाळी कापून कागदावर सावलीत चार दिवस ठेवावा आणि तळहातावर चोळून फुंकर मारावी. प्रत्येक कोषातून जास्तीत जास्त चार दाणे निघतात. कोरड्या बाटलीत ठेवलेले हे बी पुढच्या ज्येष्ठापर्यंत चांगले उगवते. वाळलेल्या जुन्या झाडाचा बुंधा फेकू नये. वारकऱ्यांच्या माळेचे मणी तुळशीच्या अशाच लाकडातून कातले जातात.